वर्गाची गोधडी

घरांतील बहुतेक वस्तु बाजारांतून विकत आणतां येतात. भांडीं येतात, खाटा येतात, घोंगड्या व रगही येतात. गोधडी मात्र विकत आणली तर ती पांघरावयास उपयोगी पडते खरी, पण ती आपली होण्यास फार दिवस लागतात. हल्लीं शहरांतल्या मोठ्या दुकानांतून रंगीबेरंगी गोधड्या टांगलेल्या दिसतात आणि त्यांस किंमतही चांगली येते. तथापि हिच्यांतलें कापड कोणाच्या अंगावरचें, असें दुकानदारास विचारलें तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. घरच्या गोधडीविषयीं हाच प्रश्न आजीस विचारावा. उत्तर ऐकतां ऐकतां झोंप लागून जाते.

घरच्या गोधडीच्या पोटांत आजीचें विटलेलें नऊवारी लुगडें असतें, आजोबांचें धोतर असतें. वर वडिलांच्या सदऱ्याची पाठ, थोरल्या बहिणीच्या परकराचें चीट, कोणाच्या तरी झबल्याचा तुकडा, अशीं ठिगळें बसविलेलीं असतात. हे थर एकावर एक पसरून त्यांवर धांवदोऱ्याच्या ओळीमागून ओळी घातल्या म्हणजे गोधडी तयार होते. कोठें तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाची असली तर दुपटें म्हणतात. आमच्या आईजवळ अशी एक गोधडी होती. पावसाळ्याच्या रात्रीं दिवे गेले म्हणजे ती अंधारांतच तिच्यावरून हात फिरवी आणि बोटांनीं ओळखून सांगे कीं, हें तुझ्या मामाच्या कोटाचें अस्तर, आणि हा तुझ्या बाप्तिस्म्याच्या झग्याचा तुकडा. तिला वाचावयास थोडेंच येत होतें. परंतु हा ग्रंथ तिला मुखोद्गत होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. आमच्या आया-आज्यांनीं गोधड्या शिवल्या, त्या आठवणी जपण्यासाठीं नव्हेत. त्या थंडीसाठीं शिवल्या. कापड महाग होतें, आणि झिजलेलें कापडही फेंकून द्यावयाचें नाहीं, ही घरची रीत होती. लुगडें फाटलें कीं त्याची मुलासाठीं झोळी, झोळी विरली कीं तिचीं बाळंतीं, त्यांतून उरलें तें गोधडींत, आणि गोधडीही जीर्ण झाली कीं तिचें पोतेरें. या क्रमांत आठवण न बोलावतां येऊन बसली. ठिगळांच्या वस्त्रास आमच्या महाराष्ट्रांत मानही कमी मिळालेला नाहीं. श्रीगाडगे महाराज (१८७६-१९५६) अंगावर चिंध्यांचें वस्त्र वागवीत, म्हणून लोक त्यांस गोधडेबुवा म्हणूं लागले, आणि त्याच वस्त्रांत त्यांनीं गांवोगांवचे रस्ते झाडले व लोकांस शहाणें केलें.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. बंगालांत या वस्तूस कांथा म्हणतात. तेथील स्त्रिया जुन्या साड्या व धोतरें यांचे थर घेत, आणि वर नक्षी काढण्यास लागणारा रंगीत दोरा पूर्वीं साडीच्याच काठांतून उसवून काढीत. कर्नाटकांत उत्तर कन्नड जिल्ह्याच्या अरण्यभागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतले; त्यांपैकीं कित्येकांस पोर्तुगीजांनीं गुलाम करून गोव्यास आणिलें होतें. या सिद्दी स्त्रिया कवंद नांवाच्या गोधड्या शिवतात. कडेपासून आरंभ करून, फेऱ्या घेत घेत, त्या मध्याकडे येतात; आणि चारही कोपऱ्यांस घडीच्या त्रिकोणांचें फूल बसविल्यावांचून गोधडी पुरी झाली असें त्या मानीत नाहींत.

परंतु जाणून-बुजून आठवणीसाठींच शिवलेल्या गोधडीचें एक उदाहरण आम्हांस फार मोलाचें वाटतें. अमेरिकेंत आलाबामा राज्यांत, नदीच्या एका मोठ्या वळणावर, गीज बेंड या नांवाचें गांव आहे. तेथील लोक पूर्वींच्या गुलामांचे वंशज असून शेतीवर निर्वाह करीत आलेले. तेथील मिसूरी पेटवे या बाईचा पति वारल्यावर १९४२ सालीं तिनें त्याचे शेतांत कामाला घालावयाचे कपडे घेतले, ते कापले, आणि त्यांची गोधडी शिवून ती पांघरावयास घेतली. मळलेलें, उन्हानें विटलेलें तें कापड होतें. पुढें २००२ सालीं ह्यूस्टन शहरांतील कलासंग्रहालयांत या गांवच्या गोधड्यांचें प्रदर्शन भरलें आणि साऱ्या अमेरिकेनें त्यांचें कौतुक केलें. तसेंच १९८७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ११ तारखेस वॉशिंग्टन येथील मोठ्या मैदानावर एक विलक्षण गोधडी पसरण्यांत आली. तींत १,९२० भाग होते. एड्स या रोगानें मरण पावलेल्यांच्या आप्तांनीं व मित्रांनीं, ज्याचा त्याचा एक भाग शिवून आणला होता. आणि प्रत्येक भाग तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे एका थडग्याएवढा होता. त्या काळीं या रोगानें मेलेल्या कित्येकांचें नांव घेण्यासही लोक कचरत. ज्यांचीं नांवें कोणी घेत नव्हतें, त्यांचीं नांवें कापडावर लिहून उन्हांत पसरलीं, हें त्या गोधडीचें काम.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस हें नवें वाटणार नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गांवच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसची, कथा आहे. ती मरण पावल्यावर पेत्र तेथें आला, तेव्हां गांवच्या विधवा रडत त्याच्याभोंवतीं उभ्या राहिल्या आणि दुर्कसनें आपल्यासाठीं शिवलेले अंगरखे व वस्त्रें त्यास दाखवूं लागल्या. तिच्या गुणांचें वर्णन करण्यास त्यांस दुसरे शब्द सांपडले नाहींत. हातांत वस्त्र होतें, तेंच त्यांनीं पुढें केलें.

आतां आमच्या वर्गाकडे वळूं. आजकाल परदेशीं, विशेषतः अमेरिकेंत, मुलगा किंवा मुलगी शाळा सोडूं लागली म्हणजे तिचे लहानपणापासूनचे टी-शर्ट कापून त्यांची गोधडी शिवण्याची चाल पडली आहे. टी-शर्टावर शाळेचें नांव असतें, संघाचें असतें, पुष्कळदां सालही छापलेलें असतें; तेव्हां रोजनिशी लिहिण्याचा आळस असलेल्या मुलाची ती आयतीच रोजनिशी होते. दहावीच्या वर्गांतल्या एका मुलीनें अशा गोधडीचें छायाचित्र पाहिलें होतें. शाळा सोडून जाण्यापूर्वीं आपणही अशी एक करावी, पण प्रत्येकानें आपापली न करतां साऱ्या वर्गाची मिळून एक करावी, असें तिनें सुचविलें. आणि एरवीं कोणत्याच गोष्टीवर एकमत न होणाऱ्या त्या वर्गाचें या गोष्टीवर झालें.

आपल्या शाळेंत खेळाच्या तासाला व शनिवारच्या कवायतीला लाल, निळा, हिरवा आणि पिवळा, असे चार हाउसचे टी-शर्ट घालतात, हें पालकांस ठाऊकच आहे. पांचवींत घेतलेला सातवींत आंखूड होतो, सातवींतला नववींत. शमुवेलाची आई हन्ना दरवर्षीं लहानसा झगा करून मंदिरांत आपल्या मुलास नेऊन देत असे, असें जुन्या करारांत सांगितलें आहे. मूल वर्षांत किती वाढलें असेल याचा अंदाज तिला घरीं बसून, मूल डोळ्यांसमोर नसतां, करावा लागे. वसतिगृहांतील मुलांच्या मातांस या झग्याचा अर्थ आम्हीं समजावून सांगावयास नको. मुलांनीं आणलेले लहान-मोठे टी-शर्ट बाकावर ओळीनें मांडले तेव्हां तीच वाढ आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली. पांचवींतला एक निळा टी-शर्ट इतका चिमुकला होता कीं, त्याचा मालक, जो आतां आमच्याहून वीतभर उंच आहे, तो आपला आहे असें कबूलच करीना.

काम शिकविण्यास वसतिगृहाच्या मावशी आल्या. त्यांच्या हातच्या गोधड्या आमच्या गांवीं पुष्कळ घरांत आहेत. त्यांनीं एक टी-शर्ट हातांत घेतला, दोन्ही बाजूंनीं ओढून पाहिला आणि म्हणाल्या, “सर, ह्ये कापड लई ताणतंय. आदी त्याला बूड द्या, मंग सुई लावा.” त्यांचें म्हणणें खरें होतें. लुगड्याचें कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनीं विणलेलें असतें. टी-शर्टाचें कापड मोज्याप्रमाणें फांसांत फांस गुंतवून केलेलें असतें. म्हणून तें अंगाबरोबर ताणतें, आणि कापलें कीं त्याच्या कडा गुंडाळूं लागतात. त्यावर उपाय असा कीं, शिंपी कॉलरच्या आंत जें चिकट अस्तर इस्त्रीनें बसवितात, ज्यास ते फ्यूजिंग म्हणतात, तें प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूस बसवावयाचें. मग तें कापड शहाण्या मुलासारखें स्थिर बसतें. छापलेल्या अक्षरांवर मात्र इस्त्री थेट फिरवावयाची नाहीं, नाहींतर रंग वितळून इस्त्रीस चिकटतो. मध्यें सुती फडकें घालावें लागतें.

गणिताचा तास कधीं नव्हे इतका आनंदांत गेला. पटावर २९ मुलें होतीं. प्रत्येकाचा एक चौकोन, शिवून झाल्यावर दहा इंचांचा दिसावा, म्हणून चारही बाजूंनीं अर्धा अर्धा इंच शिवणींत जाईल हें धरून अकरा इंचांचा कापावयाचा. चौकोनांच्या मध्यें आणि कडेनें दोन इंचांच्या पांढऱ्या पट्ट्या. आडवे पांच चौकोन व सहा पट्ट्या मिळून ६२ इंच. उभे सहा चौकोन व सात पट्ट्या मिळून ७४ इंच. एका माणसास पायांपासून हनुवटीपर्यंत झांकावयास तेवढें पुष्कळ झालें. मध्यें घालावयास एक जुनी जाड चादर, खालच्या अंगास वसतिगृहांतल्या धुऊन मऊ झालेल्या दोन पलंगपोसांचें अस्तर. सगळें कापड आधीं धुवून, वाळवून, मगच कात्री लावावयाची, अशी मावशींची ताकीद होती. कोरें कापड जुन्यास जोडलें तर पहिल्याच धुण्यांत कोरें आटतें आणि जुन्यास ओढून फाडतें. आपल्या प्रभूनें हाच दाखला दिला आहे. वाचतांना आम्ही त्याचा आध्यात्मिक अर्थ तेवढा सांगत असतों, पण ज्याच्या घरीं ठिगळें लावलीं जात होतीं त्यासच तो सुचावा, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

कापण्याची वेळ आली तेव्हां वर्ग एकदम गप्प झाला. एवढा वेळ हंसणारी मुलें आपापला टी-शर्ट पोटाशीं धरून बसलीं. कापलेला टी-शर्ट पुन्हां घालतां येत नाहीं, आणि तो लहान झाला आहे म्हणून आतांही घालतां येत नाहीं, या दोन्ही गोष्टी त्यांस ठाऊक होत्या. तरी पहिली कात्री कोणी चालवीना. शेवटीं वर्गांतला सर्वांत व्रात्य मुलगा उठला आणि त्यानें आपला पिवळा टी-शर्ट बगलेपासून खालपर्यंत सरळ कापला. मग सगळ्यांच्या कात्र्या चालूं लागल्या. शिवण्याचें काम मुलींचें, असें प्रथम दोघां-तिघां मुलांनीं म्हणून पाहिलें. परंतु गांवांतले सारे शिंपी पुरुष आहेत, एवढें मावशींनीं दाखवून दिल्यावर तेंही बंद झालें.

अडचण निघाली ती शेवटल्या चौकोनाची. पांच गुणिले सहा तीस. आणि मुलें तर २९. तिसाव्या जागीं शाळेचें बोधचिन्ह घालावें असें बहुतेकांचें मत पडलें. तेवढ्यांत मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, तिसावा आहे की. सातवीपर्यंत तो आपल्यातच होता.”

तो कोण, हें सर्वांस समजलें. त्या मुलाचे आईबाप ऊसतोडीस जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागांतून सहस्रावधि कुटुंबें बैलगाड्यांत व ट्रकांत संसार घालून साखर कारखान्यांच्या मुलुखांत जातात आणि उन्हाळ्यांत परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथला हिशोब. माणसें मोजावयाचीं तीं कोयत्यांनीं. उचल अगोदर घेतलेली असते, ती फेडल्यावांचून सुटका नसते. त्या मुलाचे वडील एका वर्षीं पाठीच्या दुखण्यानें आडवे झाले, आणि सातवीची परीक्षा दिल्यावर तो मुलगा आईबरोबर फडांत गेला, तो पुन्हां वर्गांत आला नाहीं. पटावरचें त्याचें नांव कमी झालें. भागाकार तो पाटीवर न मांडतां करीत असे.

कोणी म्हणालें, तो दहावीस नाहीं, मग दहावीच्या गोधडींत कसा? कोणी म्हणालें, वर्ग म्हणजे काय दहावीच? पांचवीपासूनचे टी-शर्ट आपण कशासाठीं आणले? वाद अर्धा तास चालला. आम्हीं त्यांत तोंड घातलें नाहीं; कारण इतिहासाच्या तासाला जें आम्हांस शिकवितां येत नाहीं तें तेथें आपोआप शिकविलें जात होतें. शेवटीं ठरलें कीं तिसावा चौकोन त्याचाच. फक्त त्याचा टी-शर्ट आणावयास हवा.

शनिवारीं शाळा सुटल्यावर दोन मुलांस घेऊन आम्ही त्याच्या वस्तीवर गेलों. घरीं आजी आणि धाकटा भाऊ, एवढींच होतीं, बाकीचीं फडावर. धाकटा आपल्याच शाळेंत पांचवींत आहे. तो धांवत बाहेर आला, आणि आमचें काम आम्हांस बोलून दाखविण्यापूर्वींच उत्तर मिळालें. तो लाल टी-शर्ट त्याच्या अंगावर होता. पाठीवरचीं अक्षरें निम्मीं उडालेलीं, खांद्याची शिवण उसवून पुन्हां हातानें घातलेली. आम्हीं आजीबाईंस सगळें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “गुरुजी, त्यो सदरा अजून कामावर हाय. धाकल्याचा झाला की मंग न्या.”

आम्हांबरोबरच्या दोन्ही मुलांनीं खालीं पाहिलें. आपल्या घरीं कपाटांत पडून राहिलेले टी-शर्ट त्यांस त्या क्षणीं आठवले असावेत. म्हाताऱ्या बाईंच्या बोलण्यांत तक्रार नव्हती आणि लाजही नव्हती. ज्या वस्तूचें काम संपलें नाहीं तिला आठवण म्हणून कापतां येत नाहीं, एवढाच सरळ व्यवहार त्या सांगत होत्या. मग त्या आंत गेल्या, पेटींतून एक जुनें हिरवें लुगडें काढलें, आणि काठाजवळचा वीत-दोन वीत तुकडा दातानें फाडून आमच्या हातीं दिला. म्हणाल्या, “थोरला ह्याच लुगड्याच्या झोळीत वाढलाय. ह्यो घ्या त्याचा तुकडा.”

तो तुकडा वर्गांत आला तेव्हां नवाच प्रश्न उभा राहिला. एकोणतीस चौकोन टी-शर्टाच्या जाड, ताणणाऱ्या कापडाचे. आणि तिसावा इतका विरलेला कीं उजेडाकडे धरला असतां पलीकडचा हात दिसावा. शेजारचीं धडधाकट कापडें त्यास दोन दिवसांत ओढून फाडणार. मावशींनीं त्याखालीं जुन्याच धोतराचे दोन थर घातले, कोरें कापड मुळींच घातलें नाहीं, आणि त्या एका चौकोनावर त्यांनीं अगदीं जवळ जवळ, तांदळाच्या दाण्याएवढा टांका घेत, बाहेरून आंत फेऱ्या घातल्या. दुबळें कापड बळकट करावयाचें तें त्यावर दुसरें कापड झांकून नव्हे, तर त्यालाच अधिक टांके देऊन, असें त्यांनीं मुलांस सांगितलें. आतां हात फिरविला तर तोच चौकोन सर्वांत घट्ट लागतो. त्याला जागा कोठें द्यावी यावरही बोलणें झालें; कोपऱ्यांत नको, कोपरे आधीं झिजतात, म्हणून आंतल्या बाजूस, चहूंकडून चौकोन असतील अशा ठिकाणीं तो बसविला.

नाताळच्या सुटीपूर्वीं गोधडी पुरी झाली. मावशींनीं चार कोपऱ्यांस चार लहान त्रिकोण घडी घालून बसविले. मग ती कोणाची, हा प्रश्न आला. चिठ्ठ्या टाकाव्या, असें एक मत. मुख्याध्यापकांच्या खोलींत कांचेच्या कपाटांत ठेवावी, म्हणजे पाहुण्यांस दाखवितां येईल, असें दुसरें. मावशी म्हणाल्या, “कपाटात ठिवली तर कसर खाईल. अंगावर घेतली तर टिकंल.” पृथ्वीवर सांठविलेल्या धनास कसर लागते, हें वचन आम्ही दरवर्षीं मुलांस पाठ करावयास देतों, त्यावरचें भाष्य इतकें थोडक्यांत आम्हीं कोठें ऐकलें नव्हतें. तेव्हां गोधडी वसतिगृहाच्या आजाऱ्यांच्या खोलींत गेली. तेथें तापानें निजलेल्या मुलास ती पांघरण्यास मिळते. पेज पितां पितां तीं मुलें एकेका चौकोनावर बोट ठेवून, हा कोणाचा, तो कोणाचा, असें विचारतात, आणि मावशी सांगतात. हिरव्या चौकोनाची गोष्ट सांगावयास त्यांस सर्वांत अधिक वेळ लागतो.

गोष्ट येथें संपविली असती तर ती गोड झाली असती. परंतु ती येथें संपत नाहीं. गोधडी घडी करून ठेवीत असतां ज्या मुलानें तिसावा आहे म्हणून सांगितलें होतें, तोच म्हणाला, “सर, चौकोन दिला म्हणजे तो आला असं नाही ना?” या प्रश्नाचें उत्तर टांक्यांनीं देतां येत नाहीं. शाळेंत न येतां खासगी रीतीनें दहावीची परीक्षा देतां येते. त्यासाठीं बोर्डाकडे १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो. मुलांनीं त्याची माहिती काढली, आपल्या वह्या व पुस्तकें एकत्र बांधलीं, आणि तें गांठोडें आजीबाईंच्या स्वाधीन केलें. अडचण लहान नाहीं. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडीं, म्हणजे ऊसतोड ऐन भरांत असते तेव्हांच येते. परीक्षेस बसावयाचें तर कोयता खालीं ठेवावा लागेल, आणि उचल कोणी फेडावी? उन्हाळ्यांत घरचीं माणसें परत आलीं तेव्हां आम्ही पुन्हां गेलों. तो मुलगा आतां चांगला उंच झाला आहे. तळहातांस घट्टे पडले आहेत. गांठोडें त्यानें सोडलें होतें आणि गणिताचें पुस्तक वर काढून ठेवलें होतें. अर्ज भरावयाचा कीं नाहीं, हें अद्याप त्याच्या घरीं ठरावयाचें आहे. आम्ही पुन्हां जाणार आहों.

पालकहो, मुलांचे आंखूड झालेले कपडे आपल्या घरीं असतील. ज्यांचें काम अजून बाकी आहे ते धाकट्यास द्यावे, धाकटा नसेल तर शेजारच्या मुलास द्यावे. ज्यांचें काम खरोखर संपलें असेल त्यांची गोधडी जरूर शिवावी; आणि ती शिवतांना मुलांस, मुलग्यांसही, जवळ बसवावें. आणि मुलांनो, तुम्ही पुढें मोठे व्हाल, दूर दूर जाल. सोबत्यांची आठवण तुम्हांस होईल, आणि डोळे ओले करून ती तशीच निघूनही जाईल. तिला तसें जाऊं देऊं नका. जो वर्गांत होता आणि आतां नाहीं, त्याचें घर कोठें आहे हें विचारा, आणि दिवस मावळण्यापूर्वीं तेथें जाऊन या. प्रभु तुम्हां सर्वांस सुखरूप ठेवो.